शेजारच्याले

क्रायोस्टॅटच्या पात्याखाली वीस मायक्रॉनचा काप.
ब्रशच्या टोकानं तो काचेवर उतरवते, श्वास धरून,
कारण फुंकरीनंही दुमडतो.
मग किरणोत्सारी औषधात आंघोळ, गार पाण्यात तीन बुचकळ्या,
आणि कॅसेटमध्ये फिल्मला तोंड लावून
उणे ऐंशीच्या फ्रीझरात सहा आठवडे.
अफूला बसायला जिथे जागा असेल
तिथे काळं उमटेल. बाकी कोरं.

बाहेर नागपूर सेहेचाळीसवर.
धरमपेठेपासून पारडीपर्यंत कूलर घरघरतात.
लाईट गेली की मी आधी फ्रीझरकडे धावते,
मग बाबांना फोन लावते.

एकतीस वर्षं मीटर वाचत फिरले बाबा,
जुनी मंगळवारी, लकडगंज, भांडेवाडी.
कोणाचं जिन्याखाली, कोणाचं देवघरामागे,
कुठे कुत्रं मोकळं, कुठे काटा मुद्दाम अडकवलेला,
सगळं तोंडपाठ.
"घर दिसते तसं नसते बाई. मीटर पाह्य."

आता हाडांत पसरलंय.
दर चार तासांनी एक पांढरी गोळी,
जिच्यासाठी रजिस्टरात तीन सह्या.
दुखतं का, विचारलं.
छताकडे पाहत म्हणाले,
"दुखून राह्यलं ना. पण मले नाही.
शेजारच्याले दुखून राह्यलं."
आणि सावजी रश्श्याचं बोलत राहिले,
आई खसखस वाटायची त्या पाट्याचं.

पाचव्या आठवड्यात गेले.
तेरावं झाल्यावर फिल्म धुतली.

लाल दिव्याखाली, ट्रेमध्ये हलकेच येत गेलं:
थॅलॅमस, गर्द.
स्ट्रायटममध्ये ठिपके, सुटे सुटे,
पदरावर विणकरानं मर्जीनं टाकलेल्या बुट्ट्यांसारखे.
मधल्या नळीभोवती करडी कड,
कळ जिथून अर्ध्या वाटेवरून परत फिरते.
आणि खाली देठात, श्वास चालवणाऱ्या पेशींवरही
तोच काळा.
म्हणून डॉक्टर गोळी वाढवताना थांबायचे.
लहान मेंदू लख्ख. एकही कनेक्शन नाही.

नकाशा उंदराचा आहे, बाबांचा नाही.
ठाऊक आहे मला.
तरी भिंग लावून शोधत बसले त्या शेजाऱ्याला,
भिंतीपलीकडे राहून
त्यांच्या वाट्याचं दुखणारा.

वहीत नोंद केली: काप क्रमांक, तारीख, गडदपणा.
लहान मेंदूच्या रकान्यात
हात आपोआप बाबांसारखा वळला:
घर बंद.

सर बघतील म्हणून खोडलं.
लिहिलं, आढळले नाही.