पान क्रमांक एकशे बारा

रात्री अकराला वीज आली
आणि मी लॅपटॉपला विचारलं,
बोटरी कुठं गेली?

बोटाएवढी मासोळी. सहा वर्षं मोजतेय मी
साकोलीकडच्या नऊ बोड्यांमध्ये.
भिजून सुकलेल्या, चिखलाच्या वासाच्या वह्या
त्यानं चार मिनिटांत वाचल्या, म्हणालं,
काठाला बेशरम माजते, मग तळातला चिला जातो,
त्याच्यामागं बोटरी. मध्ये दोन पावसाळे.

दोन पावसाळे!
माझ्याच वहीत होते, माझ्याच अक्षरात.
मी उठून उरलेला भात खाल्ला, उभ्यानंच.

आणि माझं इंग्रजी,
जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, लाकडी,
ज्याच्यावर कुण्या परीक्षकानं शेरा मारला होता
'आधी भाषा शिका',
ते त्यानं चिंचेनं घासलेल्या गुंडासारखं
लख्ख करून दिलं.
हे उपकार मी नाकारणार नाही.

मग त्यानं एक संदर्भ दिला.
साल शहाऐंशी. याच बोडीवरचा. लेखक कुणी खांडवे.
खंड नववा, पान एकशे बारा :
बोटरी, दर जाळ्यामागं सरासरी एक्केचाळीस.

किती हवा होता मला तो आकडा.
रात्रभर उशाशी घेऊन निजले.

सकाळी पारीवर तुकडू वलथरे जाळं सांधत होते.
सुतळी दातांत धरून ऐकलं त्यांनी.
"शहाऐंशीले? त्या साली त पारच फुटली होती, बाई.
मासोरी का त्या खांडवेच्या खिशात होती?"

नागपूरच्या ग्रंथालयात फोन केला.
नववा खंड शहाण्णव पानांतच संपतो.

मी त्याला सांगितलं. त्यानं लगेच माफी मागितली
आणि तितक्याच गोडीनं
दुसरा खांडवे काढून दिला.

"पार फुटायच्या आधी किती असन, काका?"
"मोजलं कोनं? मले नाई मालूम."
हे मी वहीत लिहिलं, तारीख घालून.
लिहिताना आठवलं,
डाडक, कातरन, देवधान, सगळी नावं यांचीच,
आणि रात्री ती त्याच्या ओटीत घालताना
यांना विचारायचं राहिलं.

आज सात नंबरच्या बोडीत चौदा बाया
बेशरम उपटायला उतरल्यात. मीही.
चिला लावायचा, दोन पावसाळे थांबायचं,
मग जाळं, मग मोजणी.
माझ्या पोटरीवरची जळू मिठानं सोडवत
मालन नान्हे विचारते,
"तुह्या त्या डब्ब्याले जरवा लागतेत का वं?"