तात्पुरतं

तार्तूच्या इस्पितळात, तळघरात,
रक्ताचे आकडे जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये
मी चारच ओळी लिहिल्या होत्या:
या नावाची फाइल आहे का, बघ.
नसेल, तर उघड.
आणि दोन्हींच्या मध्ये एक रिकामी ओळ,
वाचायला बरी म्हणून.

हेल्दुरनं त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.
"इथं कोण राहतं?"
कुणी नाही, मी म्हणाले.
"येईल कुणीतरी राहायला."

शनिवारी तो मला पेइप्सीवर घेऊन गेला.
फेब्रुवारीचं तळं, हातभर जाड गोठलेलं.
गिरमिटानं त्यानं बर्फात भोक पाडलं
आणि स्टूल आणायला गाडीकडे वळला,
मुद्दाम सावकाश, गप्पा मारत.
परतलो, तर लाल टोपीचा एक म्हातारा
आमच्या भोकात गळ सोडून बसलेला.
"कुणी नव्हतं," म्हणाला.
खोटं बोलत नव्हता.

दुसरं भोक हेल्दुरनं
स्टुलावर बसूनच पाडलं.
"बघणं आणि बसणं," गुडघ्यांमध्ये गिरमीट फिरवत,
"यांच्यात एक पाऊलसुद्धा नको."
संध्याकाळपर्यंत तीन मासे.
लाल टोपीला अकरा.

सोमवारी ते पुन्हा लिहिलं.
नावाला आता ओळीनं क्रमांक देत नाही,
क्रमांक काय, शेजारीही मोजतो.
यंत्रालाच म्हणते, तूच जुळव अक्षरं,
मलाही आधी सांगू नकोस.
आणि एकाच दमात:
नवी असेल तरच कर.
त्या नावानं आधीच कुणी बसलं असेल,
किंवा भलत्याच घराकडे नेणारी
चोरवाट कुणी जोडून ठेवली असेल,
तर तोंडावर नाही म्हण.
कुलूप आधी. अक्षर मग.
चव्हाट्यावरची जागा ही,
इथं सगळ्यांनाच लिहिता येतं.

शेवटी त्यानं एक विचित्र गोष्ट शिकवली:
फाइल उघडल्याबरोबर तिचं नाव पुसून टाक.
यादीत नाही, शोधून सापडत नाही,
तरी आहे, तू धरून आहेस तोवर.
आणि सोडली की?
तो चहाचा कप धुवायला निघून गेला.
मला मात्र आठवलं, आम्ही उठलो तेव्हा
भोकावर साय धरायला लागली होती.

काल पहाटे साडेतीनला
व्योरूच्या कुणा बाईचं हिमोग्लोबिन
दोन सेकंद माझ्या हातात होतं, निनावी.
मग डॉक्टरच्या पडद्यावर.
खाली काही उरलं नाही.

ती रिकामी ओळ मी काढून टाकलीय.
वाचायला जरा दाटीचं वाटतं.