अकराव्या लेनवरचा थेंब

बर्नडीन कोल्बीने बादली ठेवली आहे
अकराव्या लेनवर, फाउल लाइनच्या तीन फूट पुढे.
मेपलच्या दोन पट्ट्या फुगल्यात.
बॉल तिथवर जातो, विचारात पडल्यासारखा
जरा थांबतो, आणि डावीकडे वळतो.
"गुरुवारच्या लीगवाले आता
तेवढं धरूनच टाकतात," ती म्हणाली.
हसली नाही.

सीलिंगच्या डागाळलेल्या टाइल्स तिने दोनदा बदलल्या होत्या.
रोग पखालीला, औषध म्हशीला.

मी शिडी लावली. मागून ओडालिस,
कामावर दहावा आठवडा.
होंडुरासमध्ये पत्र्याच्या घरात वाढलेली.
"आमच्याकडे भोक सोपं," ती म्हणाली,
"दिवसा त्यातून ऊन खाली येतं.
आई खडूने खूण करायची."

इथे ऊन उतरत नाही.
वर काळं रबर, नखाहून थोडंसं जाड,
खाली चार बोटं फोम,
त्याखाली लोखंडाचा पन्हळी पत्रा;
पाणी एकदा आत शिरलं
की पन्हळीपन्हळीने चालू लागतं,
चाळीस फूट, कधी साठ,
आणि एखादा सैल स्क्रू दिसला की उतरतं.
थेंब पडतो तिथे भोक नसतं.
एवढं शिकायला मला सात वर्षं
आणि एक कोर्टकेस लागली.

"कुठल्या वाऱ्याला गळतं?" मी वरूनच विचारलं.
"ईशान्येच्या. सरोवरावरून आला की."
सँडस्कीत सगळं सरोवरावरूनच येतं:
गारठा, पर्यटक, माश्यांचे थवे.

सांध्यांवरून बोथट सळई फिरवली, कुठे शिरली नाही.
पाइपांच्या गळपट्ट्या धडधाकट.
एसीच्या चौथऱ्याचे कोपरे मी अंगठ्याने दाबून पाहिले,
म्हाताऱ्या डॉक्टरसारखे, उगाच जास्त वेळ.
मग होज. उताराच्या तळापासून वर,
एकेका जागी पंधरा मिनिटं, घाई नाही.
ओडालिस खाली, बादलीपाशी, वॉकीटॉकीवर:
नाही.
नाही.
इथे कुणीतरी स्ट्राइक मारला. पण नाही.

चौथ्या जागी टाच जरा रुतली,
भिजलेल्या पावावर पडावी तशी.
"आलं," ती म्हणाली.

गल पक्षी सरोवरातून शिंपले आणतात
आणि फुटावेत म्हणून छपरांवर टाकतात.
आमच्याकडे सगळीकडे हा चुरा.
त्यातली एक कपची उभी रुतली होती रबरात,
तांदळाएवढं टोक वर.
पक्ष्याच्या हातून एवढी खोल जात नाही.
वर भार पडलेला.

ओडालिस वर आली, बघितलं, विचारलं,
"इथे शेवटचं कोण चालून गेलं?"

एप्रिलची तपासणी. एकशे ऐंशी डॉलर.
शेरा: छप्पर उत्तम स्थितीत.
खाली सही, माझीच, वळणदार.

मी चाकू काढला.
रबर उघडलं, ओला फोम उपसला,
पिळला तर धार लागली.
कोरडा बसवला. रबर पुसलं, परत पुसलं,
फडकं पांढरं निघेपर्यंत.
प्रायमर बोटाला तार सोडेनासा झाला
तोवर दोघं गप्प बसलो.
"ठिगळाचे कोपरे गोल काप," मी तिला सांगितलं.
"चौकोनाचा कोपरा वाऱ्याला सापडतो."
तिने वाटी ठेवून गोल कापले.
रोलर तिनेच फिरवला, मधून कडेकडे,
मला तेवढा जोर राहिला नाही.
कडेला सीलंट. तारीख. पांढरा खडू.

खाली बर्नडीनने विचारलं, "काय होतं?"
"शिंपला."
"मेले ते पक्षी!"
ओडालिस होज गुंडाळत होती, फार सावकाश.

"शिंपला त्यांचा," मी म्हणालो. "बूट माझा होता.
बिल येणार नाही."

ती बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिली.
मग वाकून बादली उचलायला गेली.

"राहू दे," मी म्हणालो, "अजून तीन-चार दिवस पडेल.
आत शिरलेलं पाणी
अजून वाटेत आहे."