तुरटी

दुपारी दीडला फिरकेशेठ शिट्टी मारतो.
सगळे गमबूट काढून भिंतीशी ओळ लावतात,
पोत्यावर गोल बसतात, डबे उघडतात.
मी उभ्यानं खातो. बुटासकट.
कुणी विचारलं तर सांगतो, गुडघा दुखतो.

गुडघा ठणठणीत आहे माझा.

मागच्या चैत्रात एकदा काढले होते बूट,
कंटेनरच्या सावलीत,
तेव्हा गोल आपोआप मोठा झाला.
कुणी काही बोललं नाही.
सुनील्या तेवढा म्हणाला,
पेट्यांच्या मागं उंदीर मेला वाटतं.
मीही उठलो.
बॅटरी घेऊन पंधरा मिनिटं
उंदीर शोधला.

मग पोरीची पावडर चोरून बुटात टाकली,
दुपारपर्यंत तिचा चिखल झाला.
अत्तराचा फाया ठेवला.
त्या दिवशी दोन वास आले.
बायको रात्री बूट अंगणाबाहेर ठेवायची.
एक कुत्रं आलं, हुंगलं,
आणि समंजसपणे निघून गेलं.

आता, मी काही घाणेरडा माणूस नाही.
जुम्म्याला वजू करतो,
घोट्यापर्यंत, बोटांच्या फटीतून पाणी काढून.
पाय धुणं मला येत होतं.
पुसणं येत नव्हतं.

कौतिकाबाई कोळी माझ्या शेजारच्या टाकीवर,
ती फण्या धुते, मी फण्या उचलतो.
सत्तेचाळीस डिग्रीत सातपुडा नुसता धूर दिसतो,
आणि आम्ही दहा तास पाण्यात.
एक दिवस टाकीकडेच बघत ती म्हणाली,
"निजामभाऊ, तुह्या गुडघ्याले वास येतो."

मी खाली बघितलं.
ती गोणीतून तुरटीचा खडा काढून
माझ्या हातावर ठेवत होती.
"यानं केयीचा चीक जातो.
तुही लाज नई जानार?"

रात्री कोमट पाणी, त्यात तुरटी, पाव तास पाय.
मग कोरडा गमछा, पायांचा वेगळा,
एकेक फट धरून.
नायलॉनचे मोजे चुलीत घालायचे नाहीत, म्हणाली,
त्याचा वास याहून वाईट.
सुती घे, दोन जोड, जेवायच्या सुटीत बदल.
करंगळीशेजारची कातडी पांढरी, भिजक्या कागदासारखी सुटली होती,
ती मात्र दवाखान्यात दाखव.

डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला नाही.
मी बघत होतो, लावतात का.
वाकून बघितलं आणि म्हणाल्या, बुरशी आहे.

बुरशी!
फणीच्या देठाला लागते तीच जात.
तिच्यासाठी तर आमचं सगळं चाललेलं असतं,
धुवा, औषध लावा, पंख्याखाली वाळवा,
मग फोम घालून तान्ह्या लेकरासारखी पेटीत निजवा.
एक ओली फणी पेटीत गेली
तर शेठ आईबहीण काढतो.
आणि मी अकरा वर्षं
रोज सकाळी दोन ओले पाय
रबरात भरून
पॅक करत होतो.

शेठला म्हटलं, बुटाचा दुसरा जोड द्या,
एक वाळेल, एक घालीन.
शेठ हसला. म्हणाला, नवरदेव आहेस का?
मग आठवडे बाजारातून मीच आणला.
काल घातलेला आज घरी
दोन काठ्यांवर उलटा, उन्हात,
पोटात जुना पेपर.
शेजारचा विचारतो, बुजगावणं उलटं का पुरलं.

मलम तीन आठवडे लावलं. खाज थांबली तरी सोडलं नाही,
तसं बाईंनी बजावलं होतं.

बुधवारी शिट्टी झाली.
मी बूट काढले.
पाय पांढुरके, सुरकुतलेले,
उजेड न बघितलेल्या कोंबासारखे.
पोत्याच्या कडेला टेकलो.
गोल मोठा झाला नाही.
कौतिकाबाईनं माझ्या कळण्याच्या भाकरीवर
न विचारता ठेचा टाकला, इतका तिखट
की डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळालं.

सुनील्या हल्ली उभ्यानं खातो.
म्हणतो, कंबर धरलीय.
त्याच्या कमरेचा वास
माझ्या ओळखीचा आहे.

उद्या गमछे दोन न्यायचे.