तिसरा हात

सेतुबालमध्ये, सार्डिनच्या बंद पडलेल्या कारखान्यामागे
झेफेरिनोचं गॅरेज. तिथे मी लाल शिकले.

आधी लाल नसतोच, तो म्हणायचा.
आधी चंदेरी. बारीक आरसे पत्र्यावर आडवे निजवायचे,
एकही उभा राहता कामा नये.
मग लाल, पण काचेसारखा, आरपार.
पहिला हात दिला की लालचुटूक,
दुसऱ्याला लालबुंद,
तिसरा मनगटात जरा रेंगाळला
की दार काळवंडलंच,
शेजारचा पत्रा मग ओळख दाखवत नाही.
वरून बिनरंगी लॅकर. उजेड आत जातो,
आरशांवर आपटून माघारी फिरतो,
जाता-येता लालातून दोनदा गाळला जातो.
आपल्याला दिसतो तो हा दमलेला उजेड.

गिऱ्हाइकाला यातलं काही नको असतं.
दोना देओलिंदा ओरखड्यावर बोट ठेवते:
एवढंसं तर आहे!
एवढ्याशासाठी तीन पत्रे, दोना.
रंग विरवत न्यावा लागतो
पुढे फेंडरपर्यंत, मागे मागच्या दारापर्यंत,
कुठे संपला ते कळू न देता.
आणि करकोच्यांनी घाण केली तर कोरड्या फडक्यानं पुसू नका,
तिच्यात कवचांची कणी असते, लॅकर ओरबाडते.
आधी भिजवा. थांबा. मग धुवा,
सावलीत, दोन बादल्या घेऊन.
ती मान डोलावते
आणि गाडी नेऊन लावते
नेमकी करकोच्यांच्या खांबाखाली.

मार्चमध्ये त्याचा उजवा डोळा केला.
मोतीबिंदू. रंगाच्या डब्यावर शोभावं असं नाव.
पट्टी निघाल्यावर तो आला,
नमुन्याचा तुकडा खिडकीशी धरला,
डावा डोळा मिटला. मग उजवा. पुन्हा डावा.
टोपी उचलली आणि निघाला.
मी मागोमाग.

मासळीबाजाराचा पार्किंगतळ. चर्चमागचा चढ. फेरीबोटीची रांग.
सहा वर्षांत आम्ही रंगवलेली दारं.
हे बघ, तो म्हणायचा. आणि हे.
एक नारिंगीकडे कललेलं,
एकात जांभळ्याची शंका,
शेजारच्या पत्र्याशी एकाचंही पटत नव्हतं.

कुणी कसं बोललं नाही?
नसेल दिसलं.
आणि तुला?

मला दिसत होतं. पहिल्या उन्हाळ्यापासून.
रोज संध्याकाळी त्याच्या दाराशेजारी उभी राहून
मी डोळे चोळायचे.
वाटायचं, मला अजून लाल येत नाही.

तो हसला नाही, रागावलाही नाही.
पुढे देओलिंदाची गाडी होती,
बॉनेटवर पांढरं, उन्हात वाळून कडक झालेलं.
माझा हात फडक्याकडे गेला, त्यानं तो धरला.
प्यायच्या बाटलीतलं उरलेलं सगळं पाणी
हळूहळू त्यावर ओतलं.

भिजू दे, म्हणाला.

आम्ही उभे राहिलो.