शेपटीला कळेपर्यंत

पहिल्या रात्री गाडी हललीच नाही.
रिव्हर्सर मध्यावर राहिला होता
हे कळायला मला पाऊण तास लागला.

भांडुप, चौथा मजला, जुना घेतलेला संगणक.
कीबोर्डवरचं एकच अक्षर पुसलेलं
आणि वेग नेमका त्याच्यावर.
दिवसभर मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासते,
नखांत गुलाबी मेण राहतं.
त्या नखांनी अठ्ठावन्न वाघिणी ओढायच्या,
दिव्याहून वसईकडे.

दुसऱ्या रात्री लाल ओलांडला.
पडदा काळा झाला, वर माझी चूक इंग्रजीत.
हॉर्न ऐकून शेजारचे हिराजी वैती आले
भिंत चाचपत, स्वतःची खुर्ची स्वतःच घेऊन.
एकतीस वर्षं मालगाडी.
आता काचबिंदू;
उजव्या डोळ्याच्या कडेला बोटभर उजेड, तेवढाच.

"मला दिसत नाय. तू सिग्नल पुकार,
मी परत पुकारतो. नियमच हाय तसा."

दोन पिवळे.
"दोन पिवळे."
एक पिवळा.
"एक पिवळा. अगो, मग हात काय करतो तुझा?"

हात काही करत नव्हता.
हात पडद्यावरच्या ढगांकडे बघत होता.

"झटका देव नको. आधी तिचं अंग ताणू दे,
एकेक कडी जागी होऊ दे, मग ओढ.
आन् ब्रेक इथं लावलास
तरी शेपटीला कळायला वेळ लागतो.
तुला वाटतं थांबलो.
मागचे अजून येतच असतात."

खारबावला मी सिग्नलच्या इतक्या अलीकडे थांबले
की ते म्हणाले, पुढं चालत जायचंय काय?
कामणला पाच वाघिणी पुढे गेले.
आवाजावरून वेग सांगायचे ते.
साठ? एकसष्ट, काका. मोटार खोटं बोलते एकानं.

एकदाच चिडले.
"खाडीचा पूल आला ना?"
गेला.
"वाजला नाय."
तेवढ्यावर गाडी उभी करून आम्ही चहा प्यायलो.
पूल वाजत नाही म्हणजे काय,
त्यांना पटेचना.

मग एका मंगळवारी, जूचंद्राच्या अलीकडे,
"डाव्या हाताला मिठागर आलं?"

डाव्या हाताला हिरवं होतं.
एकच झाड सात वेळा चिकटवलेलं,
सातही झाडांची सावली एकाच बाजूला मोडलेली.
आलं, मी म्हटलं.

"थांबव."

हिरवा आहे, काका.
त्यांनी परत पुकारला नाही.

मी ब्रेक लावला. पाईपातला दाब उतरत गेला,
काटा उतरत गेला.
ते बोलत होते, मला नाही, डाव्या हाताला:
"बारकी आमची इथं मीठ ओढायची.
माझी शिट्टी ऐकली की फावडं वर करायची.
एकतीस वर्षांत एक दिस थांबता आलं नाय.
कंट्रोलला काय सांगणार? बहीण हाय?
ती गेली तवा पण मी गाडीवर.
इथनंच गेलो. शिट्टी मारली.
सवय."

पडद्यावर ऊन होतं, वारा नव्हता.
कुणी येणार नव्हतं, कुणी जाणार नव्हतं.
गाडीच्या मागून, लांबून,
कड्या एकेक करून आदळत आल्या;
तो आवाज मात्र बनवणाऱ्याने नीट भरला होता.
काका मोजत होते बहुतेक, ओठ हलत होते.

शिट्टी मारू? मी विचारलं.
"नको. थांबलोय ना आता."

खालच्या गल्लीत कुणी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.
ती चार वेळा फुसफुसली, मग लागली.
मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

हिरवा, मी पुकारलं पुन्हा, जरा हळू.
खुर्ची कुरकुरली.
"हिरवा," काका म्हणाले. "ब्रेक सोड.
आन् ताणू दे आधी."

शेवटी वसईला गुण दिसले.
वीस वजा, विनाकारण थांबा.
त्यांनी विचारलं, काय लिवलंय?
मी म्हटलं, वेळेवर पोचलो.