वजाबाकी

वारा दिसत नाही.
म्हणून आम्ही पावसाला विचारतो.

विमानाच्या शेपटीत एक ताटली गरगर फिरते,
एक फेरा पुढे कलून, एक मागे,
आणि मी खुर्चीचे पट्टे खांद्यांवर आवळून
तिला आलेली उत्तरं उतरवून घेते.
रात्रीचे तीन. खाली मेक्सिकोचं आखात,
काळ्यावर पांढरे ओरखडे.

थेंब एवढंच सांगतो :
जवळ येतोय, की लांब जातोय.
समोरून आडवा निघून गेला
तर त्या जाण्याबद्दल चकार शब्द नाही.
म्हणून एकाच ढगाकडे दोन कोनांतून बघायचं,
दोन अर्धवट जबान्या शेजारी ठेवायच्या
आणि त्यांच्यामधून वारा उभा करायचा.
त्याआधी आपला स्वतःचा वेग वजा करायचा.
नाहीतर पुढचं सगळं अंगावर धावून येतं,
मागचं सगळं आपल्याला टाकून पळत सुटतं.
थिबोदो, आमचा वैमानिक, हेडफोनमध्ये म्हणाला,
‘माझ्या दुसऱ्या लग्नात ही वजाबाकी राहिली.’
कुणी हसायच्या आत भिंत आली.

भिंतीत हसत नाहीत.
कॉफीचा थर्मास छताला लागून परत आला.
पडदा लाल, मग जांभळा,
मग नुसता काळा : एवढा पाऊस
की पलीकडच्या पावसाचा आवाजच पोचेना.

आणि मग एकदम डोळा.
वर चांदण्या. थेंब नाही, म्हणजे साक्षीदार नाही,
पडदा कोरा.
चंद्राच्या उजेडात मला काचेतून पक्षी दिसले,
लांब पंखांचे, सात की आठ,
भिंतीच्या आत अडकून वादळाबरोबर निघालेले.
नोंदीत त्यांच्यासाठी रकाना नाही.

वादळाचा रोख सीडर कीकडे होता.
तिथे धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला
माझ्या वडिलांनी कॉफीचा डबा ठोकलाय.
शिंपल्यांची शेती करतात. पाऊस पडून गेला
की डब्यात खुणा केलेली काठी बुडवायची, वहीत लिहायचं.
एकोणतीस वर्षं.
मी त्यांना एकदा सांगितलं होतं,
दुप्पट जाड एक थेंब
चौसष्ट बारक्या थेंबांएवढा ओरडतो,
आणि आमचं माप तिथेच चुकतं.
डेल्मर ओव्हरस्ट्रीट जाळं विणत म्हणाले,
‘डब्यात कोणी ओरडत नाही.’

या वेळी ते निघाले, कुत्र्याला घेऊन,
आत चीफलंडला, मावशीकडे.
जाताना डबा काढला नाही.

चौथ्या दिवशी फोन लागला.
धक्क्याच्या फळ्या गेल्या. खांब उभा.
डबा काठोकाठ.
‘बोट बुडवून चाखलं,’ म्हणाले. ‘खारं.’

मी मनात उंची मोजली.
तो डबा त्यांच्या डोक्याच्या वर आहे.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मागे कुत्रा कशावर तरी भुंकत होता.
मग त्यांनी विचारलं,
‘तुझं यंत्र काय म्हणतंय?’
‘नऊ इंच,’ मी म्हटलं. ‘साडेनऊ असेल.
आठही असेल.’
पेन्सिलीचा आवाज ऐकू आला.
‘नऊ,’ ते म्हणाले, ‘पुढे प्रश्नचिन्ह काढतोय.
राग मानू नकोस.’